पेन्शनपूर्व प्रशिक्षणात भेटवस्तू समोर आली तर जवानाने काय करावे

कामठीच्या आमच्या क्वार्टरच्या दारात नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी टेम्पोवाला संत्र्यांची पेटी ठेवून गेला. माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते आणि मी बुटीबोरीच्या एका गोदामात माल साठवण्याचे आणि त्याचा हिशेब ठेवण्याचे प्रशिक्षण घेत होतो. पेटीवर वाळलेले गवत होते, खाली आंबिया बहाराची टपोरी फळे होती आणि सगळ्यात तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक पाकीट होते. पाकिटात पाच हजार रुपये रोख होते, आणि गोदामाला माणसे पुरवणाऱ्या एका ठेकेदाराचे दिवाळीच्या शुभेच्छांचे कार्ड होते. मी घरी पोहोचेपर्यंत सहा-सात संत्री शेजारी वाटली गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी आणि पाकीट परत केले, वाटलेल्या संत्र्यांचे पैसे दिले, आणि युनिटच्या हेड क्लर्कला फोनवर सगळे सांगितले. चूक एवढीच झाली की कागदावर काहीच ठेवले नाही. पुढे एका निनावी तक्रारीत त्याच पेटीचा उल्लेख आला, तेव्हा मी ती परत केली होती हे सिद्ध करण्यात दोन महिने गेले. त्या अनुभवानंतर पेन्शनवर येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या जवानाला मी जे सांगत आलो आहे, ते येथे नीट मांडत आहे.

प्रशिक्षणार्थी असलो तरी गणवेश उतरलेला नसतो

दरवर्षी सुमारे साठ हजार सैनिक सेवेतून बाहेर पडतात आणि त्यांतले बहुतेक पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान असतात, म्हणजे संसाराचा खर्च ऐन भरात असताना त्यांना दुसरी नोकरी शोधावी लागते. यासाठी संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाच्या अखत्यारीतील पुनर्वसन महासंचालनालय, ज्याला आपण सगळे डीजीआर म्हणतो, सेवेच्या अखेरच्या काळात नागरी व्यवसायांचे अभ्यासक्रम चालवते. जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) आणि इतर रँकच्या, म्हणजे जवानांच्या, अभ्यासक्रमांचा खर्च शासन उचलते. अधिकाऱ्यांच्या शुल्काचा साठ टक्के वाटा शासन देते आणि उरलेला अधिकारी स्वतः भरतो. या काळात पूर्ण वेतन चालू राहते, म्हणून हजेरीपटावर तुमचे नाव कंपनीत किंवा संस्थेत असले तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही सैनिकच असता.

हे एकदा मनात पक्के झाले की पुढचे बरेचसे आपोआप सुटते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ मध्ये शासनाच्या सेवेत असलेली किंवा शासनाचे वेतन घेणारी व्यक्ती लोकसेवक ठरते, आणि त्यात जवान येतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्या कायद्यात 'अनुचित लाभ' हा शब्द आला. कायदेशीर मोबदल्याखेरीज मिळणारा कोणताही फायदा त्यात बसतो, मग तो पैशांत मोजता येवो अथवा न येवो. मुलाला लावून दिलेली नोकरी, बिनव्याजी उसने दिलेले पैसे किंवा फुकटची सहल हे सगळे त्यात येऊ शकते. कर्तव्यात गैर वागण्यासाठी असा लाभ घेतल्यास कलम ७ खाली किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. आपल्या कामाशी संबंध असलेल्याकडून मोबदल्याशिवाय किंवा अपुऱ्या मोबदल्यात लाभ घेतल्यास कलम ११ खाली सहा महिने ते पाच वर्षांची शिक्षा आहे. लाभ थेट तुमच्या हातात आला की पत्नीच्या, भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या हातून आला, याने काही फरक पडत नाही.

याखेरीज लष्करी शिस्तीचा कायदा आहेच. आर्मी ॲक्ट, १९५० चे कलम ६३ शिस्त आणि सुव्यवस्थेला बाधक वर्तनासाठी आहे, तर कलम ४५ अधिकारी आणि जेसीओंच्या पदाला न शोभणाऱ्या वर्तनासाठी. वायुसेनानगरातील हवाई दलाच्या बांधवांना एअर फोर्स ॲक्ट, १९५० लागू होतो. डिस्चार्जची तारीख उलटली म्हणजे सुटलो, असे समजणाऱ्यांनी आर्मी ॲक्टचे कलम १२३ वाचावे, कारण सेवेत असताना घडलेल्या गुन्ह्यासाठी सेवा संपल्यानंतरही तीन वर्षांपर्यंत लष्करी न्यायालयात खटला सुरू करता येतो.

घ्यावे की नको, हे ठरवताना

आपल्याकडे कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये अशी रीत आहे, आणि देणारा बहुतेक वेळा 'फूल ना फुलाची पाकळी' म्हणूनच देतो. त्यामुळे नाही म्हणताना मन मोडवत नाही. पण वस्तू समोर आली की तिच्या किमतीआधी देणाऱ्याकडे पाहावे. त्याचा माझ्या युनिटशी, माझ्या जुन्या कामाशी किंवा माझ्या प्रशिक्षणाच्या शेऱ्याशी काही संबंध आहे का? हीच वस्तू माझ्यासोबतच्या इतर सगळ्या प्रशिक्षणार्थींना आणि कंपनीच्या साध्या कामगारांनाही मिळाली आहे का? मी ती युनिटच्या दरबारात सगळ्यांसमोर सांगू शकेन का? आणि ती घेतल्यावर मी या माणसाचा मिंधा होईन का? यांतल्या एकाही उत्तरापाशी जीभ अडखळली, तर वस्तू घेऊ नये. किमतीचा प्रश्न त्यानंतरचा.

अनेक जण विचारतात की किती रुपयांपर्यंत चालते. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ च्या नियम १३ मध्ये असे आकडे आहेत. गट अ आणि गट ब च्या कर्मचाऱ्याने पाच हजारांहून आणि गट क च्या कर्मचाऱ्याने दोन हजारांहून अधिक किमतीची भेट मंजुरीशिवाय घेऊ नये, अशी मर्यादा २०१९ पासून आहे. लग्नकार्यात किंवा धार्मिक समारंभात नातेवाइकांनी आणि कामाशी संबंध नसलेल्या मित्रांनी दिलेल्या भेटींसाठी वेगळ्या आणि जास्त मर्यादा आहेत. पण हे नियम नागरी सेवेतल्या कर्मचाऱ्यांचे आहेत, आणि संरक्षण खात्यातल्या नागरी कर्मचाऱ्यांनाही ते लागू होतात. गणवेशातल्या माणसाला ते थेट लागू नाहीत, म्हणून 'दोन हजारांच्या आत आहे' हे उत्तर सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांपुढे चालणार नाही. आपल्यासाठी कमांडिंग ऑफिसरची लेखी परवानगी हाच दंडक आहे. तरीही त्या नियमातली भेटीची व्याख्या ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फुकट प्रवास, फुकट मुक्काम, फुकट जेवण आणि फुकट सेवा हे सगळे त्यात भेट मानले आहे. अधूनमधून मिळालेले साधे जेवण किंवा वाटेत दिलेली लिफ्ट मात्र भेट मानलेली नाही. व्यवहाराचा संबंध असलेल्यांकडून मोठा किंवा वारंवार पाहुणचार घेणे टाळावे, असेही तेथे सांगितले आहे.

आता नेहमी समोर येणाऱ्या गोष्टींकडे येऊ. कॅन्टीनचा चहा-नाश्ता, सगळ्यांना मिळणारे दुपारचे जेवण, सीताबर्डीहून बुटीबोरीला किंवा हिंगण्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमधली जागा, हेल्मेट आणि सेफ्टी शूज या प्रशिक्षणाच्या गरजा आहेत. त्या घ्याव्यात. मात्र लॅपटॉप, मोबाइल किंवा अवजार हाती आले तर त्याची नोंद करून घ्यावी आणि शेवटच्या दिवशी ते परत केल्याची पावती घ्यावी. 'राहू द्या, साहेब, तुम्हालाच ठेवा' असे कोणी म्हटले तरी ठेवू नये. प्रशिक्षण संपताना मिळणारे शाल-श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि प्रमाणपत्र यांत मला काही वावगे वाटत नाही. त्याच समारंभात चांदीचे नाणे किंवा घड्याळ दिले गेले, तर ते व्यासपीठावरच नम्रपणे बाजूला ठेवणे मला योग्य वाटते.

रोख पैसा कोणत्याही नावाने आला तरी घेऊ नये, मग त्याला स्टायपेंड म्हणोत, पेट्रोल खर्च म्हणोत की दिवाळी म्हणोत. शासन तुम्हाला पूर्ण पगार देत आहे. त्याच दिवसांसाठी दुसरीकडून पैसे घेणे म्हणजे एका कामाचे दोन पगार घेणे होय. गिफ्ट कार्ड आणि खरेदीचे कूपनही मी रोखीच्याच रांगेत धरतो. हल्ली यूपीआयवर न मागता रक्कम येते. अशी रक्कम आली तर त्याच क्रमांकावर तेवढीच रक्कम परत पाठवावी, 'परत' असा शेरा लिहावा आणि दोन्ही व्यवहारांचे स्क्रीनशॉट जपावेत. कोणी म्हणते की पन्नास हजारांपर्यंतच्या भेटींवर प्राप्तिकर लागत नाही. ते खरे आहे, पण कर लागत नाही म्हणून ती भेट घेण्याची मुभा मिळत नाही.

नोकरीची मुलाखत हा जरा अवघड भाग आहे. कंपनी पुण्याला किंवा मुंबईला मुलाखतीसाठी बोलावते आणि तिकीट व हॉटेल स्वतः देऊ करते. या बाबतीत अमेरिकेची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. तेथे सैनिकांसाठी स्किलब्रिज नावाचा कार्यक्रम आहे, ज्यात सेवेच्या शेवटच्या १८० दिवसांत सैनिक खासगी कंपनीत प्रशिक्षण घेतो आणि त्याचा पगार मात्र संरक्षण खातेच देते. तेथील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या नियमानुसार एका देणाऱ्याकडून एका वेळी २० डॉलर आणि वर्षभरात ५० डॉलरपर्यंतची वस्तू चालते, रोख रक्कम मात्र या सवलतीत बसत नाही. नोकरीच्या खऱ्याखुऱ्या बोलणीसाठी संभाव्य मालकाने रीतीप्रमाणे दिलेला प्रवास आणि जेवण यांना तेथे वेगळी सूट आहे. तेथील आकडे आपल्याला लागू नाहीत, पण त्यामागचा विचार उपयोगी आहे, की मुलाखतीचा खर्च आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी असल्या तरी दोन्ही उघड असाव्यात. आपण तिकिटाचा प्रस्ताव आल्याबरोबर युनिटला लेखी कळवावे, परवानगी घ्यावी आणि त्यानंतरच प्रवास करावा. परवानगी वेळेत न आल्यास तिकीट स्वतः काढावे. नागपूर-पुणे तिकिटाचा भार सोसता येतो, चौकशीचा सोसत नाही.

नाही कसे म्हणावे आणि नोंद कशी ठेवावी

नकार तोंडी द्यायला हरकत नाही, पण त्याच दिवशी तो कागदावर यायला हवा. मी आमच्या जवानांना पुढील मजकूर देतो. तो व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालतो, फक्त समोरच्याचे 'मिळाले' हे उत्तर मागून घ्यावे.

"माननीय महोदय, आज दि. … रोजी आपल्या वतीने माझ्या घरी … ही वस्तू पोहोचली. आपल्या स्नेहाबद्दल मी आभारी आहे. मी अद्याप सैन्यसेवेत असून शासनाचे पूर्ण वेतन घेत आहे, त्यामुळे प्रशिक्षणाशी संबंधित कोणाकडूनही मला भेट स्वीकारता येत नाही. वस्तू जशी आली तशी … यांच्या हस्ते परत पाठवीत आहे. कृपया मिळाल्याची पोच द्यावी."

यानंतर युनिटला चार ओळींचे पत्र द्यावे. ते रीतीप्रमाणे हिंदीत किंवा इंग्रजीत, योग्य मार्गाने जावे. वस्तू काय होती, कोणी दिली, केव्हा आली, कोणासमोर परत केली आणि देणाऱ्याचा युनिटशी काही संबंध आहे का, एवढे त्यात पुरे. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा. घरी एक साधी डायरी ठेवावी आणि प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून तिच्यात नोंदी कराव्यात, घेतलेल्या हेल्मेटच्या आणि परत केलेल्या मिठाईच्याही. नागपुरात संत्रा बर्फीचा डबा हातात देण्याइतकी सहज गोष्ट दुसरी नसेल. तो डबा सगळ्यांच्या टेबलावर उघडला आणि सगळ्यांनी एकेक वडी खाल्ली, तर तेवढे लिहून विषय संपतो.

घरच्यांना विश्वासात घेणे याहून महत्त्वाचे आहे. माझ्या पत्नीने संत्री वाटली, यात तिचा काही दोष नव्हता, कारण मी तिला काही सांगितलेच नव्हते. दारात कोणी काही घेऊन आले तर ते आत घेऊ नये, नाव आणि फोन क्रमांक विचारावा आणि 'हे आल्यावर बोला' एवढेच म्हणावे, हे घरातल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवावे. दारात ठेवून गेलेल्या वस्तूचा, न उघडता, मोबाइलवर फोटो काढावा.

देण्याच्या बाजूनेही चुका होतात

या विषयावर बोलताना लोक फक्त घेण्याचा विचार करतात. प्रत्यक्षात मी सर्वांत जास्त चुका देण्यात पाहिल्या आहेत. हजेरी सांभाळणाऱ्या किंवा शेरा लिहिणाऱ्या प्रशिक्षकाला खूश ठेवण्यासाठी जवान लष्करी कॅन्टीनच्या कोट्यातली दारूची बाटली नेऊन देतो आणि त्याला ती साधी मैत्री वाटते. प्रशिक्षक शासकीय संस्थेतला असेल तर तो स्वतः लोकसेवक आहे, आणि हजेरीसाठी किंवा शेऱ्यासाठी त्याला दिलेली बाटली लाच ठरू शकते. लाच देणाऱ्यालाही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कोणी सक्तीने मागितल्यामुळे द्यावे लागले असेल, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो, म्हणून अशा वेळी एकही दिवस दवडू नये. राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे, आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या प्रकरणांसाठी सीबीआयची शाखा नागपुरातही आहे.

प्रशिक्षक खासगी असला तरी कॅन्टीनचा माल तुम्हाला आणि तुमच्या कुटुंबाला वापरण्यासाठी मिळतो, वाटण्यासाठी नाही, हे विसरू नये. त्यातही बुटीबोरीला काम करणारे अनेक जण वर्धा जिल्ह्यातून येतात, आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तुम्ही दिलेली बाटली बसमध्ये सापडली, तर ती नेणारा माणूस अडकतो आणि बाटलीवरचा कॅन्टीनचा शिक्का तुमच्या दारापर्यंत येतो. प्रशिक्षकाबद्दल खरोखर आदर असेल, तर प्रशिक्षण संपल्यावर दोन ओळींचे आभारपत्र लिहावे.

जुन्या कामाशी धागा जुळत असेल तर

ज्यांनी युनिटमध्ये क्वार्टरमास्टर स्टोअर, स्थानिक खरेदी, वाहने किंवा एमईएसच्या (लष्कराच्या बांधकाम-देखभाल विभागाच्या) कामांशी संबंधित जबाबदारी सांभाळली आहे, त्यांनी प्रशिक्षणाची जागा निवडतानाच एक गोष्ट तपासावी. जो पुरवठादार आपल्या सहीने माल देत होता किंवा ज्याची बिले आपल्या टेबलावरून जात होती, त्याच्याच कंपनीत प्रशिक्षणाला जाऊ नये. तेथे दिलेला साधा चहासुद्धा जुन्या बिलांशी जोडला जाईल, आणि जोडणाऱ्याला दोष देता येणार नाही. दुसरा पर्यायच नसेल तर अर्जातच हा संबंध स्पष्ट लिहावा आणि निर्णय युनिटवर सोडावा. माझ्या दारात पेटी ठेवणारा ठेकेदार नंतर मला भेटला तेव्हा त्याने संत्र्यांविषयी चकार शब्द काढला नाही. आमच्या युनिटच्या पहाऱ्याची आणि सफाईची पुढची निविदा कधी निघणार, एवढेच त्याने विचारले.

असा प्रश्न आला तर 'मला माहीत नाही' असे म्हणून सुटका करून घेऊ नये, कारण तो माणूस पुन्हा विचारतो. 'युनिटच्या कामाविषयी मी बोलू शकत नाही' असे स्पष्ट सांगावे आणि त्याच संध्याकाळी डायरीत लिहावे.

शेवटचा आठवडा

नोकरीचे पत्र हातात आले की जोडीला रुजू होण्याचा बोनस, आगाऊ रक्कम किंवा घरभाड्याची अनामत येते. पत्र स्वीकारताना त्यात रुजू होण्याची तारीख डिस्चार्जनंतरची आहे हे पाहावे, आणि प्रत्येक रक्कम त्या तारखेनंतरच खात्यात जमा व्हावी असे लेखी मागावे. साठलेल्या रजेवर घरी असतानाचा काळही सेवेतलाच असतो, त्यामुळे त्या दिवसांत कंपनीत 'सहज बसायला' जाऊ नये आणि पगार तर घेऊच नये. निवृत्त अधिकाऱ्यांना काही नोकऱ्यांसाठी निवृत्तीनंतरही ठरावीक काळ परवानगी लागते, म्हणून त्यांनी पत्रावर सही करण्याआधी आपल्या शाखेकडून खात्री करून घ्यावी.

लॅपटॉप परत केल्याची पावती, नकाराचे संदेश, युनिटच्या शिक्क्याच्या प्रती आणि ती डायरी एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या (पेन्शन मंजुरीच्या आदेशाच्या) शेजारी ठेवावी. डिस्चार्जच्या तारखेत तीन वर्षे मिळवून येणारी तारीख फोल्डरवर जाड अक्षरांत लिहावी, आणि त्या तारखेपर्यंत तो फोल्डर कोणालाही रद्दीत टाकू देऊ नये.